कला शाखा म्हणजे उरलेल्यांची शाखा नव्हे




दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात एकच चर्चा सुरू होते, अकरावीला कोणती शाखा घ्यायची. खरे म्हणजे बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. मार्कशीट पाहून उत्तर आपोआप ठरते. ७५-८० टक्क्यांच्या वर गुण असले की मॅथ्स किंवा बायो, ६० च्या आसपास असले की कॉमर्स, आणि त्याखाली जे उरले त्यांच्यासाठी आर्ट्स. मुलाला काय वाचायला आवडते, कोणत्या तासाला तो कान देऊन ऐकतो, त्याच्या निबंधाची वही कशी आहे, हे कोणी पाहत नाही. एखाद्या हुशार मुलीने स्वतःहून कला शाखेचा फॉर्म मागितला तर घरचे काळजीत पडतात आणि शेजारीपाजारी विचारतात, “का हो, गुण तर चांगले होते ना?”

या प्रश्नाबद्दल या अंकात मला आपल्याशी मोकळेपणाने बोलायचे आहे. माझे म्हणणे सरळ आहे. साहित्य, भाषा, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे विषय महाविद्यालयात शिकायला आपल्या समाजातील काही चांगली मुले-मुली दरवर्षी गेली पाहिजेत, आणि ती आवडीने, घरच्यांच्या आशीर्वादाने गेली पाहिजेत. असे झाले नाही तर नुकसान त्या मुलांचे तर होईलच, पण वारासिवनीत इतक्या पिढ्या टिकून राहिलेल्या आपल्या मराठी समाजाचेही होईल.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करते. विज्ञान शाखेशी माझे वैर नाही. आपल्या शाळेतून डॉक्टर, इंजिनीयर झालेल्या मुलांचा मला अभिमान आहे. ज्याला गणितात गोडी आहे, ज्याला प्रयोगशाळेत वेळ कसा जातो ते कळत नाही, त्याने तिकडेच जावे. प्रश्न आहे तो ज्यांना तिकडे जायचे नाही, पण गुण चांगले आहेत म्हणून ढकलले जाते त्यांचा. २०२४ मध्ये नीट परीक्षेसाठी २४ लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली होती. देशभरातल्या एम.बी.बी.एस.च्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्याही आत होत्या. सर्व आय.आय.टी. मिळून जागा १८ हजारांच्या आत होत्या. म्हणजे मनापासून अभ्यास करणारी लाखो मुलेही बाहेर राहतात. मग ज्याचे मनच त्यात नाही, त्याला कोचिंगसाठी नागपूरला किंवा कोटाला पाठवून, शेत गहाण ठेवून, दोन-दोन वर्षे गॅप घ्यायला लावून आपण काय मिळवतो? शेवटी त्यातली कितीतरी मुले बी.ए.लाच येतात, पण थकून, हरल्यासारखी येतात. तीच मुले दोन वर्षे आधी हसतखेळत आली असती.

याचा परिणाम कला शाखेवर काय होतो तेही पाहा. वर्गात बहुतेक मुले नाइलाजाने आलेली असतात. ती तासाला बसत नाहीत. गाइड घेऊन परीक्षेच्या आधी पंधरा दिवस वाचतात आणि पास होतात. शिकवणारेही हळूहळू उत्साह सोडतात. मग लोक म्हणतात, “आर्ट्समध्ये काही राहिले नाही.” राहणार कसे? ज्या शेतात आपण बी टाकत नाही, त्या शेतात पीक येत नाही म्हणून शेताला दोष देता येत नाही. चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ पिकवणाऱ्या जिल्ह्यातील लोकांना हे मी सांगायला नको.

आता कोणी विचारेल, मॅडम, हे विषय शिकून नेमके येते काय? हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मी आपल्याच भागातून देते.

पहिले उदाहरण इतिहासाचे आणि संस्कृतचे. आपल्या जिल्ह्यात वाकाटक राजांचे ताम्रपट सापडले आहेत. कटंगीपलीकडचे तिरोडी आपण मॅंगनीजच्या खाणीसाठी ओळखतो, पण इतिहासाच्या अभ्यासकांना ते दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटासाठी माहीत आहे. दुसऱ्या पृथिवीषेणाचे ताम्रपट तर “बालाघाट ताम्रपट” याच नावाने ओळखले जातात. त्यात पृथिवीषेणाचा पिता नरेंद्रसेन याची आज्ञा कोसला, मेकला आणि माळवा येथील राजे मानत होते असा उल्लेख आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तांब्याचे हे पत्रे ज्याच्या हाती लागले त्याच्या दृष्टीने ते भंगारही ठरले असते. त्यावरची पेटीसारख्या डोक्याची अक्षरे वाचून, संस्कृतचा अर्थ लावून, एका ताम्रपटाचा दुसऱ्याशी मेळ घालून त्यातून एका राजवंशाचा इतिहास उभा केला तो संस्कृत आणि इतिहास शिकलेल्या माणसांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हे त्यांत अग्रणी. १९५७ मध्ये त्यांचे “वाकाटक नृपती आणि त्यांचा काल” हे मराठी पुस्तक निघाले आणि १९६३ मध्ये वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादित केलेला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिराशींसारखे लोक नसते तर आपल्या जिल्ह्याला पाचव्या शतकातला इतिहास आहे हेच आपल्याला कळले नसते.

दुसरे उदाहरण आपल्या मागाचे. २०२३ मध्ये वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्याला आपण जी.आय. टॅग म्हणतो. त्या दिवशी गावात सर्वांना आनंद झाला. पण असा टॅग कसा मिळतो हे फार थोड्यांना माहीत आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे अर्जासोबत त्या वस्तूच्या उगमाचा पुरावा द्यावा लागतो. ही वस्तू याच भागात कधीपासून बनते, कोण बनवतात, पद्धत कोणती, जुन्या कागदपत्रांत तिचा उल्लेख कुठे आहे, हे मांडावे लागते. म्हणजे विणकराची बोटे हवीतच, पण जुनी गॅझेटियर उघडून पाहणारा, म्हाताऱ्या कारागिरांशी बसून बोलणारा आणि ते सगळे नीट भाषेत लिहून काढणारा माणूसही हवा. हे काम इतिहास, समाजशास्त्र आणि भाषा शिकलेल्यांचे आहे. आपल्या कोष्टी बांधवांच्या घरात मागाच्या प्रत्येक भागाला, सुताच्या प्रत्येक अवस्थेला वेगळा शब्द आहे. ते शब्द लिहून ठेवणारा आपल्यातून कोणी निघाला नाही तर माग बंद पडेल त्या दिवशी ते शब्दही जातील.

बोलीचीही तीच कथा. ग्रियर्सन साहेबांनी भारतातल्या भाषांची जी पाहणी केली, तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात कोष्टी, गोवारी, मरहेटी अशा आपल्या बाजूच्या बोलींची स्वतंत्र नोंद आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका परक्या अधिकाऱ्याला आमच्या आजी-पणजीची बोली नोंदवण्यासारखी वाटली. आम्ही मात्र पाहुण्यांसमोर तीच बोली बोलायला लाजतो. वैनगंगेपलीकडे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आणि दंडारीसाठी आयुष्य दिले, तेव्हा तिकडच्या लोकांना आपल्या बोलीचे मोल कळले. आमच्या बाजूला असे काम करणारा कोण आहे?

तिसरे उदाहरण रोजच्या व्यवहाराचे. आपण दोन भाषांच्या सीमेवर राहतो. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत हिंदी. दोन्ही भाषांची लिपी एक, बरेच शब्दही एक, त्यामुळे आपल्याला वाटते की दोन्ही आपोआप येतात. पण इकडच्या कोर्टात “राजीनामा” म्हणजे दोन्ही पक्षांनी केलेली तडजोड, आणि नागपूरला “राजीनामा” म्हणजे नोकरी किंवा पद सोडल्याचा कागद. हिंदीत “चेष्टा” म्हणजे प्रयत्न, मराठीत “चेष्टा” म्हणजे थट्टा. आपल्या बोर्डाच्या नावातली “शिक्षा” वाचून आपल्या मुलांना हसू येते, कारण घरात शिक्षा म्हणजे छडी! हसण्यापुरते हे ठीक आहे, पण जमिनीच्या कागदात, कोर्टातल्या अर्जात, औषधाच्या चिठ्ठीत अशी गफलत झाली तर घर बुडते. आज मोबाइल एका क्षणात हिंदीचे मराठी करून देतो. पण ते बरोबर आहे की चूक, हे सांगायला दोन्ही भाषा खोलात शिकलेला माणूसच लागतो. यंत्रे जितकी वाढतील तितकी अशा माणसांची गरज वाढेल असे मला वाटते.

दोन भाषांमध्ये वाढणे ही अडचण आहे असे अनेक पालकांना वाटते. “धड ना हिंदी, धड ना मराठी” असे ते म्हणतात. त्यांच्यासाठी काही नावे सांगते.

माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरिया येथे मराठी घरात झाला. बी.ए. झाल्यावर सरकारी नोकरी न धरता त्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून “छत्तीसगढ मित्र” हे हिंदी मासिक काढले. १९०७ मध्ये नागपुरातून “हिंदी केसरी” सुरू केला आणि त्यापायी तुरुंगही पाहिला. लोकमान्यांचे गीतारहस्य आणि समर्थांचा दासबोध हिंदी वाचकांपर्यंत पोचले ते सप्र्यांच्या अनुवादामुळे. भोपाळमध्ये त्यांच्या नावाने १९८४ पासून जुन्या वर्तमानपत्रांचे मोठे संग्रहालय आहे. मराठी घरातला मुलगा हिंदी पत्रकारितेचा एक आधारस्तंभ ठरला.

दुसरे नाव गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १९१७, श्योपूरचा. घरात मराठी, लिखाण हिंदीत. १९३८ मध्ये ते इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी.ए. झाले. पुढे मास्तरकी, नियतकालिके, आकाशवाणी अशा किती नोकऱ्या केल्या. वयाच्या पस्तिशीनंतर त्यांनी नागपूर विद्यापीठातून हिंदीची एम.ए. पदवी घेतली आणि १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. गोंदियाहून रेल्वेने डोंगरगड ओलांडले की येते तेच राजनांदगाव. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले, पण आज देशातल्या कोणत्याही विद्यापीठात हिंदी साहित्य शिकणाऱ्याला मुक्तिबोध वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचेच धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले, नागपुरात प्राध्यापक होते, आणि त्यांच्या “सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य” या समीक्षाग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच आईचे दोन मुलगे, एक हिंदीत मोठा, एक मराठीत मोठा. आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांना यापेक्षा चांगले उदाहरण कुठे मिळणार?

आणि बैतूल जिल्ह्यातल्या जौलखेडा या खेड्यात १९३६ साली जन्मलेले चंद्रकांत देवताले. हिंदी शिकले, मुक्तिबोधांवर पीएच.डी. केली, मध्यप्रदेशातल्या महाविद्यालयांत शिकवले आणि २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. दिलीप चित्रे यांच्या मराठी कविता त्यांनी हिंदीत आणल्या. खेड्यातून आलेला मुलगा, साधी एम.ए.ची पदवी, आणि काम दोन भाषांना जोडण्याचे.

ही नावे मी श्रीमंतीची उदाहरणे म्हणून देत नाही. मुक्तिबोधांचे आयुष्य ओढाताणीतच गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण या प्रत्येकाला महाविद्यालयातल्या शिक्षणाने एक शिस्त दिली आणि पोटापुरती जागाही दिली, हे विसरू नये.

मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झाले. आमच्या काळात इथे दुसरा पर्यायही फारसा नव्हता. कॉलेजात कबीर आणि प्रेमचंद शिकले, तर घरी आईच्या तोंडून तुकोबांचे अभंग आणि ओव्या ऐकत होते. हिंदी साहित्य नीट शिकल्यामुळे मला मराठीकडे पाहण्याची नजर मिळाली, असा माझा अनुभव आहे. कविता कशी वाचायची, लेखक काय सांगतो आणि काय सांगत नाही हे कसे ओळखायचे, हे एका भाषेत कळले की दुसऱ्या भाषेत आपोआप कळू लागते. तीस वर्षे शाळा चालवताना, पालकांची भांडणे मिटवताना, सरकारी पत्राला उत्तर लिहिताना मला जे सर्वांत जास्त उपयोगी पडले ते हेच शिक्षण.

आता पोटापाण्याचे बोलू या, कारण पालकांच्या मनात तोच खरा प्रश्न असतो आणि तो असायलाच हवा. नुसत्या बी.ए.वर आज चांगली नोकरी मिळत नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण नुसत्या बी.एस्सी.वर तरी कुठे मिळते? पदवीनंतर पुढे काय करायचे हे ठरवून जो कला शाखा घेतो, त्याच्यासाठी रस्ते आहेत.

शिक्षक व्हायचे असेल तर पदवीनंतर बी.एड. आणि पात्रता परीक्षा. आपल्या राज्यात उच्च माध्यमिक शिक्षक होण्यासाठी त्या विषयाची एम.ए. लागते. कॉलेजात शिकवायचे असेल तर एम.ए. नंतर नेट किंवा पीएच.डी. वकील व्हायचे असेल तर कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा, किंवा बारावीनंतर सरळ पाच वर्षांचा अभ्यासक्रम. हिंदी आणि इंग्रजी दोन्हींवर पकड असेल तर कर्मचारी निवड आयोगाची अनुवादकाची परीक्षा आहे, बॅंकांत राजभाषा अधिकाऱ्याची जागा आहे. त्यासाठी मुख्यतः हिंदी किंवा इंग्रजीची एम.ए. लागते. ग्रंथपाल, पत्रकार, समाजकार्य, पुरातत्त्व ही क्षेत्रे आहेतच.

ज्यांना कलेक्टर व्हायचे आहे त्यांनी तर नीट ऐकावे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत लेखी गुण १७५० असतात. त्यांपैकी २५० गुण निबंधाचे, १००० गुण सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांचे आणि ५०० गुण वैकल्पिक विषयाचे. सामान्य अध्ययनात इतिहास, संस्कृती, भूगोल, राज्यघटना, समाज यांचा मोठा वाटा आहे. वैकल्पिक विषयांत मराठी साहित्यही आहे आणि हिंदी साहित्यही. म्हणजे इंजिनीयर झालेला मुलगाही शेवटी आर्ट्सचीच पुस्तके उघडून बसतो. मग ज्याला सुरुवातीपासून हेच करायचे आहे, त्याने चार वर्षे आडरस्त्याने का जावे?

शिवाय आता शाखांच्या भिंती पूर्वीइतक्या उंच राहिलेल्या नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांत २०२१-२२ च्या सत्रापासून मुख्य विषयासोबत गौण, वैकल्पिक आणि व्यावसायिक विषय निवडता येऊ लागले. प्रत्येक कॉलेजात सगळे विषय मिळतील असे नाही, त्यामुळे प्रवेशापूर्वी चौकशी करावी. पण विज्ञान शिकणाऱ्या मुलाने जमल्यास साहित्याचा किंवा इतिहासाचा एखादा विषय जरूर घ्यावा. उद्या तो डॉक्टर झाला तर परसवाड्याहून आलेली म्हातारी आपले दुखणे ज्या शब्दांत सांगते ते शब्द त्याला कळले पाहिजेत.

मुलींबद्दल वेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते. कला शाखेच्या वर्गात मुलींची संख्या मोठी असते, आणि त्यामागचे कारण नेहमीच चांगले नसते. “मुलगी आहे, बी.ए. करून घेईल, तोपर्यंत स्थळ पाहू” असे म्हणून तिला प्रवेश दिला जातो. प्रायव्हेट फॉर्म भरून घरी बसवले जाते. हा त्या विषयांचाही अपमान आहे आणि त्या मुलीचाही. मी अशा कितीतरी मुली पाहिल्या आहेत ज्यांचे निबंध वाचून वर्ग शांत होत असे, आणि पाच वर्षांनी त्या भेटल्या तेव्हा त्यांच्या हातात पुस्तक नव्हते. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, मुलीला आर्ट्सला घालत असाल तर तिला रोज कॉलेजात जाऊ द्या, ग्रंथालयात बसू द्या, एम.ए. करू द्या. लग्न ठरवताना पदवी पूर्ण करण्याची अट घाला.

आता आपल्या घरची गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले. आपल्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई येत्या दोन वर्षांत निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कोण येणार? गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांपैकी मराठीत एम.ए. केलेले माझ्या माहितीत एकही नाव नाही. १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, हिंदी आणि मराठी दोन्ही राज्यभाषा होत्या. त्या काळी मराठी शिक्षक शोधावा लागत नव्हता. राज्यपुनर्रचनेत विदर्भ तिकडे गेला आणि बालाघाट इकडे राहिले. तेव्हापासून आपल्या वाडवडिलांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कष्टाने मराठीचा तास चालू ठेवला. सरकार आपल्याला मराठीचा शिक्षक आणून देईल या भरवशावर ते बसले नाहीत, आपणही बसू शकत नाही. तो शिक्षक आपल्याच मुलांतून तयार व्हावा लागेल, आणि तो तयार व्हायला दहावीनंतर निदान सात-आठ वर्षे लागतात. आज ठरवले तर आठ वर्षांनी हाती येईल. आज ठरवले नाही तर हा तास बंद पडेल, आणि त्याचा दोष कोणत्याही सरकारला देता येणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. म्हाइंभटांनी जिथे लीळाचरित्र सिद्ध केले तेच हे गाव. नागपूरचे विद्यापीठ १९२३ पासून आहे, रामटेकला कालिदासांच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे, वर्ध्याला हिंदी विद्यापीठ आहे जिथे अनुवादाचाही अभ्यासक्रम आहे. म्हणजे शिकायची सोय आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. फक्त जाणारी मुले हवी आहेत.

शाळेने आपल्या बाजूने काही गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे दहावीच्या पालकांची सभा निकालानंतर न घेता जानेवारीत घेऊ, आणि तिला गावातले वकील, पत्रकार, शिक्षक अशी कला शाखेतून पुढे गेलेली माणसेही बोलावू. दर शनिवारी शेवटचा तास वाचनाचा राहील. त्यात पाठ्यपुस्तक उघडायचे नाही. आठवी-नववीच्या मुलांना एक वही दिली जाईल. तिच्यात त्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून बोलीतले शब्द, म्हणी, जात्यावरच्या ओव्या, मागावरचे आणि शेतीतले शब्द लिहून आणायचे आहेत. त्यांतले निवडक या अंकात छापू. कोणाच्या घरी पेटीत मोडी लिपीतले जुने कागद असतील तर कृपया ते रद्दीत देऊ नका, शाळेला कळवा.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करता, त्यात विज्ञानाच्या मुलांना रोख बक्षीस असते. यंदापासून जो विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी मराठी, हिंदी, संस्कृत किंवा इतिहासात एम.ए.ला प्रवेश घेईल, त्याच्या पुस्तकांचा आणि वसतिगृहाचा खर्च उचलण्याचा विचार करावा. एका मुलाचा भार दहा जणांनी उचलला तर कोणालाच जड होणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोन शब्द. कला शाखा सोपी आहे म्हणून घेऊ नका. ती सोपी नाही. रोज वाचावे लागते, शब्द तपासावे लागतात, लिहिलेले खोडून पुन्हा लिहावे लागते, गाइड बाजूला ठेवून मूळ पुस्तक हातात घ्यावे लागते. ही मेहनत करायची तयारी असेल तर या, आणि मान वर करून या. कोणी “गुण चांगले होते ना?” असे विचारले, तर शांतपणे सांगा, “होय, गुण चांगले होते, म्हणूनच घेतले.”

पालकांनो, प्रवेशाचा फॉर्म भरण्यापूर्वी एक संध्याकाळ मोबाइल बाजूला ठेवून मुलाजवळ बसा. त्याला काय आवडते ते विचारा आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्या. काही शंका असेल तर शाळेत या. दुपारी ३ ते ५ मी कार्यालयात असते.

आपली,
प्राचार्या